मागच्या काचेतली मुलगी

दोघा चित्रकार भावांच्या प्रदर्शनाचं दार उघडलं आणि थोरल्यांच्या मुलाने कपाळावर हात मारला. भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या चित्राला भोक पडलं होतं. हिरवी लांबलचक गाडी जागेवर होती, पुढे बसलेला साहेब हसत होता. फक्त मागच्या काचेतली लहान मुलगी नव्हती. कोणीतरी तिला कापून नेलं होतं.

फौजदार बाई आल्या त्या हातातला चहा टाकून, त्यामुळे जरा त्रासलेल्याच. जुन्या जाहिरातीच्या चित्राला भोक, हा काय मोठा दरोडा पडला का, असं त्यांना वाटत होतं.

"कुलूप तुटलंय?"

"नाही. किल्ल्या तिघांकडे. मी, बाबा आणि काकू. घरचंच प्रदर्शन आहे."

"संशय कोणावर?"

"काकूंवर. काल सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे चित्र इथे दिसलं तर फाडून टाकीन. बाबांचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे हो ते! तक्रार घ्या आणि त्यांना आजच चौकीत बोलवा. नात्याबित्याचं नंतर बघू."

काकूंचा नवरा, म्हणजे थोरल्यांचा धाकटा भाऊ, नुकताच गेला होता. अशा बाईला चौकीच्या बाकावर बसवायचं फौजदार बाईंच्या जिवावर आलं. पण किल्ली होती, धमकीही होती. नाही म्हणायचं तर दुसरा कोणीतरी सापडायला हवा होता.

त्या चित्राजवळ गेल्या. गाडी अशी लांब, की पुढचं चाक आज पोचलं तर मागचं उद्या पोचावं.

"खरी गाडी एवढी असायची?"

"छे! सगळी हातचलाखी. गाडी ओढून लांब करायची, छप्पर खाली दाबायचं. आणि आत माणसं पाऊणपट काढायची, म्हणजे गाडी दिवाणखान्याएवढी वाटते. बाबा गाडी काढायचे आणि काचा कोऱ्या सोडायचे. मग काका त्यात माणसं भरायचे."

शेजारच्या चौकटीत याच चित्राची छापील जाहिरात होती. तिच्यात मुलीचं डोकं निम्म्या काचेपर्यंतही पोचत नव्हतं. भोक मात्र काच ओलांडून, छपराची रेषा कापत वर गेलं होतं. फौजदार बाईंनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं.

"बाबांच्या हाताची रेषा आहे ती," मुलगा कळवळला. "आम्हाला लहानपणी तिच्याकडे बोटसुद्धा दाखवू द्यायचे नाहीत."

थोरले कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. अंगठ्याने बोटं चोळून पिवळट चिकट कण काढत होते, गोळ्या करून खाली टाकत होते. जवळ गेल्यावर पेट्रोलचा बारीकसा वास आला.

"तुम्हाला काय वाटतं आजोबा? कोणी केलं असेल?"

"धाकटीने नाही," ते म्हणाले. आणि पुन्हा बोटं चोळू लागले.

काकू दोन खोल्यांत राहत होत्या. नवऱ्याचे ब्रश अजून बरणीत उभे होते, वाळून कडक झालेले.

"मी नाही कापलं," त्या म्हणाल्या. "त्यात कापून आणण्यासारखं होतं काय? ती माझी पोर नव्हतीच."

"तुमची पोर?"

"शाळेत जायच्या आधीच गेली, तापाने. हे प्रत्येक गाडीत तिला काढायचे, धंद्याच्या रीतीने लहान करून. ती गेल्यावर मात्र यांच्याने ते होईना. या चित्रात खरी काढली, पूर्ण मापाची. डोकं काचेबाहेर, केस उडताहेत. कंपनीने चित्र परत पाठवलं. म्हणे गाडी खेळण्यासारखी दिसते." त्यांनी बरणीतले ब्रश सरळ केले. "भाऊजींनी पातं घेतलं, तिला खरवडून काढलं आणि तिथे ती ठेंगणी पोरगी बसवली. यांनी त्या दिवशी ब्रश ठेवला तो ठेवलाच."

"मुलीचा फोटो?"

"रोज चित्रं काढणाऱ्या घरात फोटो कोण काढतो?"

"मग पुन्हा चित्र?"

"बसायचे कागद घेऊन. डोळे काढले की पुढे हातच जायचा नाही."

फौजदार बाई त्यांना घेऊनच परतल्या. काकूंना पाहताच मुलगा उसळला, पण बाईंनी हातानेच त्याला गप्प केलं.

"जाहिरातीतली मुलगी चोरायला तळहाताएवढा तुकडा पुरला असता. मग भोक एवढं मोठं का? कापणाऱ्याला ती मुलगी नकोच होती. तिच्या खाली दुसरी, मोठी मुलगी होती, आणि तिच्या केसांना पातं लागू नये म्हणून त्याने छपराची रेषा कापली."

"खाली मुलगी? कसं शक्य आहे?" मुलगा म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. काकूंना वाटतं ती खरवडली गेली. ती खरवडलीच नाही, वर नुसता तुकडा चिकटवलाय, हे चिकटवणाऱ्यालाच माहीत असणार. असे तुकडे चिकटवायला पंक्चरचं सोल्युशन वापरतात. ते वाळलं की पिवळं होतं, आणि सुटतं पेट्रोलने. आजोबा, हात दाखवता?"

थोरल्यांनी हात दाखवले नाहीत. खुर्चीमागची पिशवी उचलून मांडीवर ठेवली.

"पातं लावलं होतं तिला," ते म्हणाले. "माझ्याच मांडीवर खेळलेली पोर. नाही हात चालला. वर तुकडा चिकटवला, रंगाने कडा बुजवल्या. भाऊ भांडायला आला तेव्हा तोंडातून गेलं, 'खरवडली, जा, काय करायचं ते कर.' उद्या खरं सांगू म्हटलं. मग तो बोलेनासाच झाला. उद्या सांगू, उद्या सांगू करत तो गेला."

"आणि आज?"

"हिला नेऊन द्यायची होती. पहाटे दारापर्यंत गेलो. कडी वाजवायचा धीर झाला नाही. काय तोंडाने वाजवणार?"

फौजदार बाईंनी पेन खिशात ठेवलं. गुन्हेगार सापडला होता आणि त्यांना त्याचं काडीचंही समाधान वाटत नव्हतं.

थोरल्यांनी पिशवीतला तुकडा काढून पुढे धरला. वरचा कागद निघाला होता. गाडीबाहेर डोकं काढून एक मुलगी हसत होती, डोळे बारीक केलेले, कपाळावर उडालेले केस.

काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. खूप वेळ पाहिला. आता रडतील म्हणून सगळे थांबले होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच गोंधळ होता.

"अशी होती ती?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यांनी तुकडा थोरल्यांकडे वळवला.

"मला आठवत नाही हो भाऊजी. डोळे मिटले की जाहिरातीतली ती ठेंगणीच समोर येते. इतकी वर्षं तीच येते. हिचा चेहरा एकट्या यांना आठवत होता."

"अशीच होती," थोरले म्हणाले. "अगदी अशीच होती. शपथ घेऊन सांगतो."

काकूंनी मान वर केली. नजरेत राग नव्हता.

"तुमच्या शब्दावर?" त्या म्हणाल्या.