मौलाची गाडी खाली झाली तेव्हा

लोणंदच्या कांद्याच्या ट्रान्सपोर्टमधल्या अरिबाचा आवाज असा, की तो फोनवर ऐकून खंबाटकी घाटात बंद पडलेला ट्रक आपसूक सुरू झाला. खोटं वाटत असेल तर त्या ट्रकलाच विचारा!

रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना फोन करून 'कुठं पोचलात?' विचारायचं, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी एक आकडा चुकला आणि फोन लागला मिरजेच्या मौलाला.

"कुठं पोचलात, भाई?"

"घरातच हाय. अंघोळीला चाललोय."

"माल वाटेत टाकून अंघोळ?"

"आवं, मी दुसऱ्या मालकाचा ड्रायव्हर... पर तुमी लय झ्याक रागावता. उद्या बी चुकून लावा की!"

ती रोज चुकली. महिन्याभरात मौला तिच्याच मालकाकडं कामाला लागला, आणि चेन्नईच्या वाटेवर कुठंतरी 'मौलाभाई'तला भाई उतरून गेला.

मग एकदा ती म्हणाली, "शुक्रवारी फलटणची माणसं मला बघायला येत्यात. घरच्यांचा होकारच हाय..."

पलीकडं मौलानं खाडकन गिअर बदलला.

"चेन्नईला माल टाकून त्याच्या आत येतो. समोर बसून बोलायचं हाय."

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला.

"अरिबा... मी खाली हाय."

ट्रान्सपोर्टात 'खाली' म्हणजे माल उतरून रिकामी झालेली गाडी. म्हणजे हा आत्ता कुठं चेन्नईत मोकळा झाला! उद्यापर्यंत कसा यायचा?

"मग तिथनंच परतीचा माल भरा, मौलाभाई," ती कोरडं बोलली. "आता घाई न्हाई."

"हितं कसला माल? एक टपरी हाय, आन् एक शेळी."

"चेन्नईत शेळी?"

"चेन्नईत कशाला? तुझ्या हापिसच्या जिन्याखाली!"

त्या जिन्याला पायऱ्या होत्या, हे अरिबाला दुसऱ्या दिवशी कळलं.

खाली मौला उभा... अंगभर धूळ, केस तेवढे ओले करून विंचरलेले. फोनवर पोपटासारखा बोलणारा गडी, तोंडातनं अक्षर फुटेना.

"बोला की!" ती हसली.

त्यानं पाठ फिरवली, मोबाइल काढला आणि तिलाच फोन लावला.

"तू समोर आलीस की जमंना बघ... अरिबा, मला तू पायजेस. उद्या अम्मीला पाठवू का... मागणी घालायला?"

त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी राहून तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"पाठवा. पर पहिल्या यष्टीनं म्हणावं... फलटणकर नाष्ट्यालाच टपकत्यात."