ताईच्या हातची चव

"आज तरी सांगू द्या, वन्सं," बंद दाराआड वेणी घालता घालता भावजय कुजबुजली. आणि ताईने मान हलवली... नाही म्हणजे नाही! पाच वर्षं झाली, तिच्या बोटांना कंगवा धरवत नव्हता. पण आईच्या माघारी ज्या भावाला तिने लहानाचं मोठं केलं, त्याच्यापुढे लुळी ठरायचं तिच्या अगदी जिवावर येत होतं. म्हणून तो उठायच्या आत दोघी सगळं गुपचूप उरकून घेत.

लाँड्रीत इतकी वर्षं तिने कशीबशी इस्त्री रेटली, पण साहेबांपासून मात्र शेवटी दुखणं लपेना. हात आखडतात, इस्त्रीऐवजी हलकं काम द्या, एवढंच तिने मागितलं, तर कामचुकार म्हणून काढून टाकलं! तिने दावा लावला. डॉक्टरांनी संधिवात लिहून दिला होता. पण सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई म्हणाल्या, नुसतं दुखण्याचं नाव पुरत नाही, रोजच्या जगण्यात काय जमत नाही ते सिद्ध करा. आणि लाँड्रीने साक्षीला उभं कोणाला करावं? तिथेच पुढच्या काउंटरवर कपडे मोजून घेणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला! साक्षीला येणार याचा घरी त्याने चकार शब्द काढला नव्हता.

"ताईला काही झालेलं नाही," तो सांगू लागला. "घरचा सगळा स्वयंपाक तीच करते. माझ्या बायकोला अजून तशी चव साधत नाही. ताईच्या हातची चव मी डोळे मिटून ओळखतो."

 तो खोटं बोलला असता तर ताईला इतकं लागलं नसतं. पण तो बिचारा मनापासून, त्याला ठाऊक होतं तेच सांगत होता... तोंड उघडावं तर चारचौघांत भाऊ खोटा पडणार, न उघडावं तर नोकरी गेली ती गेलीच. जाऊ दे मेली नोकरी, असं म्हणून तिने ओठ घट्ट मिटले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून भावजय उठली.

"ती चव माझी आहे," ती म्हणाली. "पाच वर्षं मीच रांधते. वन्संची वेणी मी घालते, बटणं मी लावते. त्यांच्या हातून घास पडतो तेव्हा तुमचं डोकं पेपरात असतं. शपथ घातली होती त्यांनी. आज मोडली मी."

धाकट्याने बायकोकडे वळून पाहिलं. जिला तो रोज ताईकडून शिक म्हणून टोमणे मारत होता, ती मान खाली घालून त्याला आपल्याच हातचं वाढत होती...! बाईंनी विचारलं, साक्ष कायम का? साहेब मुद्दाम खाकरले.

"खोडून टाका," तो म्हणाला. "मला माझ्या घरातलं काही ठाऊक नाही. ही सांगेल ते लिहून घ्या."

बाईंनी भावजयीला साक्षीच्या खुर्चीवर बसवलं. धाकटा खाली उतरला आणि साहेबांकडे न बघता ताईशेजारी येऊन बसला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या घशाखाली घास उतरला नसता रे..."

त्याला तिचे हात हातात घ्यायचे होते. पण कसे धरले म्हणजे तिला दुखत नाहीत, तेही त्याला माहीत नव्हतं. समोर साक्ष देणाऱ्या बायकोलाच ते विचारावं लागणार होतं.