जरबेराची बारा रबरं

विमान पडलं तेव्हा गौतमी पॉलिहाऊसच्या दारात बसून जरबेराच्या जुड्या बांधत होती. दहा फुलं, एक रबर. दहा फुलं, एक रबर. डोक्यावरून काहीतरी घूंऽऽ करत गेलं आणि समोरच्या रिकाम्या वाफ्यात धाडकन आपटलं. पिवळंधमक खेळण्यातलं विमान... पंख एकीकडं, धड दुसरीकडं!

अर्ध्या तासानं मोटारसायकलवरून एक तरुण आला. भीमेच्या पलीकडून, दौंडच्या बाजूनं उडवलेलं विमान रिमोटच्या रेंजबाहेर जाऊन शिरूर तालुक्यात येऊन पडलं होतं आणि त्याला पुलाचा वळसा घालून यावं लागलं होतं. केसांत धूळ, भुवयांत धूळ, आणि तोंड असं, की गोठ्यातलं वासरूच हरवलंय.

"इथं... एक विमान आलंय का हो?"

"आलंय की," गौतमी मान वर न करता म्हणाली. "दमलंय बिचारं. पडून हाय."

तो सम्राट. गाव खुटबाव, नोकरी सणसवाडीच्या कारखान्यात. दिवसभर मोजून-मापून बोल्ट आवळायचे, हेच त्याचं काम. विमानाचा पंखही त्यानं धडावर दोन बोल्टांनी पक्का आवळला होता. बोल्ट अजून शाबूत होते, पण ज्या लाकडात ते बसवले होते, ते लाकूडच मुळासकट उपटून आलं होतं.

"एवढं आवळायचं कशाला?" तिनं विचारलं.

"घट्ट नको? पंख हलला तर विमान गेलं ना!"

"हलला न्हाई म्हणून तर गेलं." तिनं हातातली जुडी ओट्यावर आपटली. रबर ताणलं, फुलं हलली, पुन्हा जागच्या जागी आली. "बघा. रबरानं बांधा पंख. आपटलं तर सुटंल, पण मोडणार न्हाई."

"रबरं शिकाऊ लोक वापरतात," तो जरा तोऱ्यात म्हणाला.

"आन् बोल्टवाले दुसऱ्याच्या वाफ्यात विमानं पाडतात, व्हय?"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. गौतमीनं हे पहिल्याच दिवशी टिपलं. कशाला टिपलं, ते तिचं तिलाच ठाऊक!

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. विमानाच्या धडात आता दोन लाकडी दांड्या आरपार बसवलेल्या, एक पंखाच्या पुढं, एक मागं. पुढच्या दांडीला रबर अडकवायचं, पंखावरून ताणायचं, मागच्या दांडीला अडकवायचं.

"रबरं संपलीत," तो म्हणाला. "म्हटलं, तुमच्याकडं असतील..."

"शिरूरपासनं दौंडपर्यंत एका दुकानात रबरं न्हाईत?"

"असतील. पण..." तो दांड्यांवरून नुसतंच बोट फिरवत राहिला.

मग दर रविवारी नदीकाठच्या माळावर शिकवणी सुरू झाली. दोन रिमोट एका वायरनं जोडलेले, एक तिच्या हातात, एक त्याच्या. त्याच्या रिमोटला एक बटण होतं. ते दाबलं, की विमान तिच्याकडून काढून त्याच्या ताब्यात. गौतमी भराभर शिकली. विमान चढवायची, वळवायची, वाऱ्याला तोंड करून आणायची. पण उतरवायची वेळ आली, जमीन हातभर राहिली, की... टक्! सम्राटचं बोट बटणावर.

"अहो, उतरवत होते की मी!"

"वाऱ्याचा झोत आला म्हणून..."

"दर वेळंला बरा येतो झोत!"

जानेवारीतल्या एका सकाळी, बोरं खाता खाता, त्यानं विचारलंच. कसंबसं, अडखळत, बी गिळत. "गौतमी... मला तू... म्हणजे आपण दोघं... लग्न..."

तिच्या काळजात लख्ख झालं. हो म्हणायला जीभ नुसती आतुर झाली होती. पण ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तुमचं बोट न लागता ज्या दिवशी मी विमान उतरवीन, त्या दिवशी सांगते. माझ्या हातावर ज्याचा भरवसा न्हाई, त्याच्या हातात हात कसा देऊ?"

मार्चमध्ये दौंडच्या मॉडेल विमानांच्या क्लबचा मेळावा होता. रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले बबनराव आप्पा तिथले कर्तेधर्ते. नव्या सभासदाची परीक्षा तेच घ्यायचे. मदतीची वायर काढून एकट्यानं विमान उडवायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि चुन्याच्या दोन रेघांमध्ये अख्खं उतरवायचं. वेळ दहा मिनिटं. नाही जमलं, तर एकदम पुढच्या वर्षी. गौतमीनं यंदा नाव दिलं होतं आणि स्टेजच्या सजावटीसाठी घरच्या जरबेराच्या बारा जुड्या आणल्या होत्या. तिनं क्रेट खाली ठेवला, विमान उचललं... आणि तिचा चेहरा उतरला.

पंखावर रबरं नव्हती. दोन नवे कोरे बोल्ट होते.

"वारा लई हाय आज," सम्राट पुटपुटला. "रबर तुटलं तर... तुझी परीक्षा..."

तिनं रिमोट उचलला. आप्पांनी घड्याळ लावलं होतं. विमान चढलं, दोन फेऱ्या झक्क झाल्या. उतरताना मात्र वाऱ्यानं डावा पंख दाबला, टोक जमिनीला लागलं आणि... काडकन! बोल्ट शाबूत, लाकूड उपटून बाहेर. पहिल्या दिवसासारखंच.

सम्राट पांढराफटक पडला. "माझ्यामुळं झालं..."

"पाच मिनटं हायत अजून, पोरी," आप्पा म्हणाले. "बसवून उडवता आलं तर उडव."

"रडायचं नंतर," गौतमी सम्राटला म्हणाली. "हात पुढं करा. दोन्ही."

तिनं क्रेटमधल्या पहिल्या जुडीचं रबर काढलं आणि सुटी फुलं त्याच्या कवेत टाकली. मग दुसरी जुडी, तिसरी... गडबडीत जुन्या दांड्या काढायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं, तेवढं एक बरं झालं. पाच रबरं डावीकडं, पाच उजवीकडं, शेवटची दोन तिरकी, एकमेकांवर फुली मारून. जुड्या बांधून बांधून सरावलेली बोटं ती! बघता बघता पंख बसला. आणि सम्राट? एकशेवीस फुलं छातीशी धरून, नाकाला पाकळ्या लागतायत, शिंक येतेय, तरी पुतळ्यासारखा उभा.

विमान उठलं. पहिली फेरी. दुसरी. गौतमीची बोटं शांत होती. जमीन हातभर राहिली आणि पुन्हा तोच द्वाड झोत आला. डावं टोक मातीला लागलं, रबरं करकरून ताणली, पंख तिरका झाला... आणि रबरांनी त्याला खेचून परत जागेवर आणलं. विमान ठुमकत पुढं गेलं आणि दोन रेघांच्या मधोमध थांबलं. अख्खंच्या अख्खं!

"सिग्नल हिरवा!" आप्पा ओरडले, आणि सगळ्या मैदानानं टाळ्या पिटल्या.

गौतमी वळली. आनंदानं तिला रडू येत होतं, ते तिनं लपवलंही नाही.

"बटन दाबावंसं वाटलं?"

"बटन कुठलं! वायर काढलेली, त्यात हातही मोकळे नव्हते."

"असते तर?"

त्यानं फुलांआडून मान वर काढली. "पहिल्या खेपेला मोकळेच होते, तवा बोट शिवशिवलं. दुसऱ्या खेपेला न्हाई. रबरं बांधताना तुझी बोटं बघितली ना... तवाच भ्या गेलं. चुकलो मी, गौतमी."

"चुकलात." तिनं पंखावरचं एक रबर काढलं आणि फुलांच्या त्या ढिगाऱ्यात हात घालून त्याच्या मनगटात चढवलं. "बोल्टानं न्हाई आवळत तुम्हाला. पर सुटायचं न्हाई आता. रविवारी आईला घेऊन या घरी. आन् पुलावरनं या, सरळ वाफ्यात पडू नका."

त्याचा डावा डोळा पार मिटला, इतका तो हसला.

"अरं, स्टेजवरची फुलं कुठंयत?" लांबून आप्पांनी हाक दिली.

गौतमीनं सम्राटकडून फुलांची ती सगळी कव स्वतःच्या हातांत घेतली.

"स्टेजला यंदा फुलं न्हाईत, आप्पा!" ती ओरडून म्हणाली. "ती मला मिळाली!"