पेन्सिलीची चार वर्तुळं

जिन्यावरून प्लायवूडची एक भलीमोठी शीट एकटीच वर चढत होती.

वरच्या पायरीवर धाकटी उभी होती, हातात शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. शीटच्या खाली तिला दोन पाय तेवढे दिसत होते आणि मागून कुणीतरी धापा टाकत मोजत होतं, "अकरा... बारा... तेरा..."

"अहो शीट," धाकटी म्हणाली, "थांबा जरा, मला खाली जायचंय."

शीट थांबली. तिच्या कडेवरून आधी कानावर खोचलेली पेन्सिल वर आली, मग तो कान, आणि मग घामेजलेलं, हसरं तोंड.

"अजून किती पायऱ्या आहेत हो?"

"संपल्या. तेराच आहेत."

"म्हणजे पोचलो मी!" त्याने शीट भिंतीला टेकवली. "तुम्ही जा खुशाल. अजून पाच आणायच्यात."

"तुम्ही लोकांच्या घरच्या पायऱ्यासुद्धा मोजता?"

"दिसेल ते मोजतो. आमचे कंत्राटदार उगाच मला मोजपट्टी म्हणत नाहीत."

धाकटीची शाळा दुपारची होती आणि वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, तरी खाली न जाता तिने गठ्ठा कठड्यावर ठेवला आणि शीटचं दुसरं टोक धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे पुष्कळ दिवस तिला वाटत राहिलं, तेव्हा बाजूला होऊन सरळ खाली गेले असते तर त्या माणसाचं भलं झालं असतं.

वरची खोली तिच्या बाबांची. जमीन जुन्या फळ्यांची होती आणि वर्षानुवर्षांत काही फळ्या वर आल्या होत्या, काही खाली गेल्या होत्या. एका फळीच्या कडेला ठेच लागून बाबा पडले आणि मनगट मोडून घेतलं, तेव्हा दादा-वहिनींनी ठरवलं, नवी जमीन घालायची. पण उंचसखल फळ्यांवर नवी जमीन तशीच घातली तर खालचा प्रत्येक उंचवटा वर उमटतो. म्हणून मध्ये प्लायवूडचा सपाट थर हवा.

"मग घाला की," बाबा म्हणाले.

"घालू, पण आज नाही," मोजपट्टी म्हणाला. शीटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तो मध्ये बारीक काठ्या ठेवून त्या रचत होता. "लाकूड बाहेरून आलंय. दोन दिवस त्याला या खोलीची हवा लागू दे. पाहुणा आल्या आल्या त्याला कामाला जुंपतो का आपण?"

"आमच्या वहिनी जुंपतात," धाकटी म्हणाली.

"ऐकलं हं मी!" खालून वहिनींचा आवाज आला.

मग त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं. त्याला पुढे दोन टोकदार सुया. त्या फळीत टोचल्या की आत किती ओल आहे तो आकडा दिसायचा. त्याने खोलीत चार ठिकाणी पेन्सिलीने छोटी वर्तुळं काढली आणि प्रत्येक वर्तुळात सुया टोचल्या.

"चौदा. बाराच्या खाली यायला हवं. खाली ओल राहिली आणि वर प्लाय ठोकला, तर तो फुगतो. मग वरची नवी जमीनही उचलते, आणि बाबा पुन्हा धडपडतात."

"म्हणजे रोज येऊन बघणार?"

"रोज सकाळी. आठला."

दुसऱ्या दिवशी तो आठला पाच मिनिटं कमी असताना आला. आकडा तेरा होता. तपासायला दोन मिनिटं लागली आणि चहाला पाऊण तास. चहा पिताना त्याने तिला सांगितलं, की ही खोली म्हणजे त्याची परीक्षा आहे. आजवर तो दुसऱ्याच्या हाताखाली राबला. ही पहिलीच खोली त्याच्या एकट्याच्या भरवशावर दिलेली. नीट पार पडली तर नव्या वाचनालयाच्या मोठ्या दालनाची जमीन कंत्राटदार त्याच्याकडे सोपवणार होते. चार माणसं त्याच्या हाताखाली.

"एवढं मोठं दालन?"

"साठ फूट लांब." हे सांगताना त्याचे डोळे असे चमकले, की ती बशीतच बघत राहिली. "तिथे बसून लोक वाचतील. खाली कुणी बघणार नाही. पण खुर्ची डुगडुगली नाही ना, तर समजायचं, मी आहे खाली."

तिसऱ्या दिवशी आकडा साडेबारा आला.

"उद्या नक्की बाराच्या आत," तो म्हणाला. "परवा दिवसभरात प्लाय ठोकून मोकळा."

"एका दिवसात?"

"सहाच तर शीटा आहेत."

"आणि मग?"

"मग... वरची जमीन. तिला दोन दिवस." तो यंत्र पुसत राहिला. "मग काय, संपलंच की."

त्या रात्री धाकटीला झोप लागली नाही असं काही नाही. ती छान झोपली. पण सकाळी सहाला उठून तिने एक फडकं भिजवलं, पिळलं आणि चारही वर्तुळांवर अलगद दाबून धरलं. एकच दिवस, ती स्वतःला म्हणाली. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतंय?

आठला मोजपट्टी गुडघ्यावर बसला, सुया टोचल्या आणि तसाच बसून राहिला.

"अठरा," तो म्हणाला. "वाढली?"

"हवा दमट आहे," धाकटी म्हणाली.

"खोलीभर सारखी वाढायला हवी मग..." त्याने डोकं खाजवलं. "असो. उद्या बघू."

"चहा टाकू?"

"टाका."

एकाचे दोन दिवस झाले, दोनाचे चार. रोज सकाळी फडकं, रोज आठला सुया, रोज चहा. तो तिला शीटा कशा लावायच्या ते दाखवायचा. दोन शीटांच्या मध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट सोडायची आणि भिंतीपाशी बोटभर जागा ठेवायची, कारण लाकूड हवेबरोबर थोडं पसरतं, थोडं आकसतं.

"एकमेकींना अगदी घट्ट चिकटवल्या, तर दोघी एकमेकींना ढकलून वर उठतात," तो म्हणाला.

"मग किती लांब ठेवायची?"

"नाण्याएवढी. त्याहून लांब नको." आणि मग, तिच्याकडे न बघता, "तू... तुम्ही खाली बसताय तिथे धूळ आहे."

"तू म्हटलंस तरी चालेल," ती म्हणाली, आणि दोघंही उगाचच शीटा मोजू लागली. सहाच होत्या.

"मास्तरीणबाई," वहिनी एकदा म्हणाल्या, "हल्ली पहाटे पहाटे वरच्या खोलीत काय असतं हो?"

"केर काढते."

"केर! लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तुझ्या हातात केरसुणी बघितली नाही."

धाकटी लाल झाली. वहिनी हसल्या, पण पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कारण मोजपट्टी मात्र हसत नव्हता. चार वर्तुळांत ओल आणि शेजारच्या फळीत नाही, हे कोडं त्याला सुटेना. रोज घरी जाऊन तो कागदावर आकडे मांडायचा. आठव्या दिवशी तो बाबांसमोर उभा राहिला. त्याच्या अंगात भलताच आत्मविश्वास होता.

"शेजारच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीच्या आत गळतोय," तो म्हणाला. "थेंब थेंब पाणी फळ्यांखाली येतंय. दुसरं कारण असूच शकत नाही."

"भिंत फोडावी लागेल?"

"लागेल. पण मी जबाबदारी घेतो."

संध्याकाळी कंत्राटदार आले. त्यांच्याबरोबर नळ दुरुस्त करणारा आला, छिन्नी-हातोडा घेऊन. धाकटी शाळेतून परतली तेव्हा न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स एकेक करून खाली पडत होत्या. ती दारात थबकली.

"थांबा!" असं म्हणायला किती वेळ लागतो? पण दारात बाबा होते, वहिनी होत्या, कंत्राटदार होते. सगळ्यांसमोर काय सांगायचं? मीच फडक्याने ओलं करत होते? का, असं कुणी विचारलं तर? शिवाय तिला एक वेडी आशा होती. जुनं घर आहे, पाइप खरंच थोडा गळत असेल...

पाइप उघडा पडला. नळवाल्याने त्यावरून हात फिरवला आणि तळवा सगळ्यांना दाखवला. ठणठणीत कोरडा.

बाबांनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. "घरात कुणी वर पाणीबिणी सांडलं होतं का?"

धाकटीने खाली बघितलं.

"पाणी नाही तिथे पाणी दिसायला लागलं तुला," कंत्राटदार मोजपट्टीला म्हणाले. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागला. "एका खोलीत आठ दिवस घालवलेस, वर यांचं न्हाणीघर फोडलंस. तुझ्या हाताखाली चार माणसं देऊ मी? वाचनालयाचं काम उद्यापासून दुसऱ्याकडे. ही खोली तेवढी संपव."

त्याने मान हलवली. खाली वाकून टाइल्सचे तुकडे गोळा करू लागला, आणि एक तुकडा बोटात शिरला तरी हात थांबवला नाही.

दुसऱ्या सकाळी वर्तुळं कोरडी होती. आकडा अकरा. त्याने तो वाचला आणि पहिली शीट उचलली. धाकटीने दुसरं टोक धरलं. शीट बसली, वीतभर अंतरावर एकेक स्क्रू फळ्यांत उतरला. दुसरी शीट, मध्ये नाण्याएवढी फट. तिसरी अर्धी कापून लावली, सांधे एका ओळीत येऊ नयेत म्हणून. आज तो मोजतही मनातल्या मनात होता.

शेवटची शीट राहिली तेव्हा धाकटीने ती सोडलीच नाही.

"सोड," तो म्हणाला.

"पाणी मी लावत होते."

"काय?"

"रोज सकाळी. फडक्याने. तुझ्या वर्तुळांवर." शीट तिने अजून धरूनच ठेवली होती. "आकडा बाराच्या खाली गेला की काम संपणार... आणि तू यायचा बंद होणार..."

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्याला राग आला असता तर तिला परवडलं असतं.

"काल भिंत फुटत होती," तो हळूच म्हणाला, "तेव्हा तू दारात होतीस."

"होते."

"वाचनालयाचं तुला माहीत होतं."

"हो."

त्याने शीट तिच्या हातातून सोडवून घेतली, जागी बसवली आणि स्क्रू मारायला बसला. तिसऱ्या स्क्रूवर हात थांबला. "चार-पाच दिवस मला वाटत होतं, माझं डोकं चालेनासं झालं. माझ्या हातावरचा माझा विश्वास उडाला होता गं..." आणि पुढचा स्क्रू हातात घेऊन, "नुसतं 'येत जा' म्हणाली असतीस, तरी आलो असतो मी."

त्याच संध्याकाळी ती कंत्राटदारांच्या दुकानात गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरी, काल सांगितलं असतंस तर मी पोट धरून हसलो असतो," ते म्हणाले. "आज दुसऱ्या माणसाने तिथे काम सुरू केलं. त्याला शब्द दिलाय, कुठल्या तोंडाने उठवू? पुढचं मोठं काम आलं की ह्याला देईन."

"पुढचं कधी येईल?"

"अशी दालनं काय रोज बांधतात?"

घरी येऊन तिने बाबांनाही सांगितलं. वरची जमीन घालायला मोजपट्टी आला, तेव्हा मोडलेल्या मनगटाच्या हाताने त्यांनी स्वतः त्याच्यापुढे चहा ठेवला. दोन दिवसांत काम संपलं. बाबा अनवाणी, डोळे मिटून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले.

"वा! पंचवीस वर्षं आता बघायला नको."

धाकटी मनात मोजू लागली. पंचवीस वर्षं.

दुसऱ्या शहरात मोजपट्टीला वर्षभराचं काम मिळालं होतं. पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो दाराशी आला, तेव्हा ती पुढे झाली.

"परत कधी?"

"काही बिघडलं तर कळवा."

"बिघडणार नाही. तू केलंयस."

"नाही बिघडणार," तो म्हणाला. भिंत फुटल्यापासून पहिल्यांदा त्याच्या आवाजात थोडा ताठा आला, आणि लगेच विरून गेला.

"मग... काही बिघडलं नाही तरी ये ना."

तो हसला. ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं, म्हणून तर तिला बघवेना.

"फार दिवस लावलेस गं हे म्हणायला," तो म्हणाला. "वर्ष मोठं असतं. येईन असं आत्ता म्हणून जात नाही. तू वाट बघायला लागशील."

तो गेला. खालचं फाटक वाजलं, मग रस्त्यावर एक गाडी सुरू झाली आणि तिचा आवाज दूर दूर होत गेला.

धाकटी बाबांच्या रिकाम्या खोलीत आली. चपला दाराशी काढल्या आणि एका कोपऱ्यापासून चालू लागली. टाच जोरात दाबत, जिथे जिथे शीटांचे सांधे असतील तिथे थांबत, पुन्हा दाबत. कुठेतरी एखादी कड हलेल, एखादा स्क्रू ढिला लागेल... पार दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली ती. पायाला कुठे काही लागलं नाही.