डिकीवरची थाप

खोटं वाटत असेल त्यानं खुशाल हसावं. पण स्वरूप माझा सख्खा आतेभाऊ आहे आणि तिखटमीठ लावून सांगणं त्याच्या स्वभावात नाही.

गेल्या हिवाळ्यात, दिवस मावळता मावळता, संकेश्वरहून निपाणीला जाताना हे घडलं.

निपाणीत त्याच्या मेव्हण्याचा, समर्थचा, साखरपुडा होता. नवरदेवाला वेळेत पोचवायचं काम स्वरूपकडं. हायवेचं काम चालू म्हणून त्यानं उसातली कच्ची वाट धरली. तेवढ्यात होणाऱ्या बायकोचा फोन आला. झालं, नवरदेव उतरून बोलत बसले. गाडीत दिवे आणि गाणी चालूच. बोलणं संपेपर्यंत बॅटरीनं मान टाकली होती.

किल्ली फिरवली... टिक. टिक.

ढकलण्यावाचून इलाज नव्हता. समर्थच्या घरी उसाचे ट्रक, त्याला याची सवय.

"दाजी, दुसऱ्या गिअरात घाला. मी डिकीवर थाप मारली की क्लच सोडा."

गाडी हलली. थाप पडली. इंजिन गचकलं आणि गप्प झालं.

"शाब्बास," स्वरूप ओरडला, "आणि एकदा."

धप्प...

गाडी हादरली. मागची काच सामानाच्या डब्यांनी झाकलेली. बाजूच्या आरशात नुसता रस्ता... उसाचं पानही हलत नव्हतं.

धप्प. धप्प.

पोरगं जीव तोडून ढकलतंय, याचं स्वरूपला कौतुक वाटलं. दर थापेला तो शाब्बास म्हणत राहिला.

शेवटी इंजिन सुरू झालं. तो हसत खाली उतरला.

डिकी आत चेपली होती. काठावर रक्त, केस... आणि एक दात.

समर्थ रस्त्यावर पालथा पडला होता. जबडा फुटून लोंबत होता. डोक्यामागचे केस मुळासकट उपटले होते. आसपास चिटपाखरू नव्हतं. धुळीत फक्त समर्थच्याच पावलांच्या खुणा होत्या, त्याही पुढंपुढं नुसत्या फरफटलेल्या चवड्यांच्या.

पोलिसांनी अपघात लिहिला. समर्थ वाचला हेच नशीब. सोयरीक मात्र मोडली.

जबड्याच्या तारा निघाल्यावर स्वरूपनं त्याला विचारलं, कोण होतं रं?

समर्थनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"दिसलं न्हाय, दाजी. एका हातानं गळा दाबला हुता, दुसऱ्यानं केस धरून आपटत हुतं. तुमी शाब्बास म्हटलं की... लई जोरात आपटायचं."

परवा स्वरूपची लेक अदिती वर्गात पहिली आली. निकाल घेऊन धावत आली. त्यानं तिला नुसतं पोटाशी धरलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मलाही तो शब्द उच्चारायचं धाडस झालं नाही.