वरून धरलेला हात

जवळ सरका, दारही लोटून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली, त्याने हाडांच्या दवाखान्यात माझ्याबरोबर पंचवीस वर्षं काढली. प्लास्टर घालायचा, म्हणून आम्ही सगळे त्याला गवंडी म्हणायचो. तोही हसून ओ द्यायचा.

गेल्या वर्षी सतरा डिसेंबरला संध्याकाळी तो एका म्हाताऱ्या मास्तरांचं प्लास्टर कापायला पलीकडच्या गावी गेला. बायको माहेरी, त्यामुळे आठ वर्षांची लेक स्कूटरवर मागे. काम झालं, चहा झाला, मास्तरांच्या गप्पा काही संपेनात. निघायला उशीर झाला. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी, बंद वीटभट्टीच्या वळणावर, चाक खडीवरून घसरलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पोर मात्र हातावर पडली.

कोपराच्या वर हाड मोडलं होतं. अशी शेकडो त्याने पाहिली होती. सवयीप्रमाणे मनगट चाचपलं. नाडी लागत नव्हती. पंजा पांढराफटक, गार.

त्याने आमच्या डॉक्टरांना फोन लावला.

"गाडी पाठवतो, पण दोन तास लागतील," डॉक्टर म्हणाले. "तोवर थांबलास तर पंजा हातचा जाईल. तूच ओढ. अलगद, सरळ रेषेत. फक्त वरून दंड कोणीतरी घट्ट धरायला हवा."

"साहेब, इथे चिटपाखरू नाही हो!"

"मग शोध कोणीतरी..."

फोन बंद पडला.

त्याने गुडघ्याखाली दंड दाबून ओढून पाहिलं. पोर किंचाळली. हाड बसेना. पुन्हा ओढलं. नाहीच. लोकांची पोरं त्याने थट्टा करत करत नीट केली होती, आणि स्वतःच्या लेकीचं एक हाड त्याला बसवता येईना. तो ढसाढसा रडायला लागला. अंधाराकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडला, "अहो, कोणीतरी धरा हो! कोणीही या!"

कोणीही... असं बोलवू नये रे, पोरांनो.



त्याने डोळे मिटले. ओढलं. या वेळी दंड हलला नाही. वरून धरला होता. पक्का. सराईत माणूस धरतो तसा.

कट्...

हाड बसलं. मनगटात नाडी आली. एक... दोन... तीन...

त्याने डोळे उघडले.

कोणी नव्हतं.

"बाबा," पोर हळूच म्हणाली, "त्यांना सांगा ना... झालं म्हणून."

"कोणाला गं?"

तिने नुसती दंडाकडे मान वळवली.

त्याने डिकीतल्या पुठ्ठ्याची पट्टी करून हात बांधला. गाडी आली. पहाटे साडेतीनला पोरीचा एक्स-रे काढला. आत ती एकटी, दार बंद. थोड्या वेळाने एक्स-रेवाला फिल्म घेऊन तणतणत बाहेर आला. "आत कोण शिरलं होतं? हात कोणी धरला?"

हाड जिथल्या तिथे होतं. पण दंडाभोवती पाच बोटांची हाडं... घट्ट आवळलेली. मनगटापर्यंत पंजा. त्याच्यापुढे काहीच नाही.

पुन्हा फिल्म काढली. दंड मोकळा होता. गवंडी भिंतीला टेकून खाली बसला, म्हणाला, "सोडलं एकदाचं पोरीला."

 एक्स-रेवाल्याने नव्या फिल्मच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं.

पोरीच्या मनगटावर तीन बोटांची हाडं होती. नाडी बघतात तशी.