आठवं ताट

टण्... टण्... टण्...

पितळेच्या ताटाच्या काठावर डावाचा दांडा तीनदा वाजायचा. तीनदाच. रोझारिओ तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. मरोळच्या गावठाणात त्यांच्या घरी लग्न असलं की आदल्या दिवशी भर दुपारी त्याचा बाप अंगणाच्या फाटकात उभा राहायचा, गल्लीतल्या क्रुसाकडे तोंड करायचा आणि ताट वाजवायचा. मग एकेक करून परकी माणसं आत यायची. कुणी कल्हईवाला, कुणी मीठ विकणारा, कुणी नुसताच वाटेने चाललेला. त्यांना नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. हातपाय धुवायला पाणी द्यायचं आणि अंगणात जेवायला बसवायचं.

घरात जितकी माणसं गेलेली, तितकी ताटं. प्रत्येक ताटाखाली एका मेलेल्याच्या नावाची चिठ्ठी. परका माणूस त्या नावाने जेवायचा, तृप्त होऊन उठायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी नवरीच्या केसांत फूल माळायचं. घरच्यांनी त्या पंगतीत बसायचं नाही. वाढलेलं ताट कुणी जेवल्याशिवाय उचलायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट बाप त्याला कानात सांगायचा, "जिवंत माणसाच्या नावाने ताट मांडू नये रे पोरा. ताट त्याला हाक मारतं."

रोझारिओने आयुष्यभर सुतारकी केली. सायनला, घाटकोपरला, कुणाकुणाच्या घरात त्याने केलेली कपाटं अजून सरळ उभी आहेत. शाळा चौथीपर्यंत. भुताखेतांना भिणारा माणूस नव्हे. पण बापाची रीत त्याने सोडली नाही. दोन्ही मुलींच्या लग्नांत आणि मुलाच्या, कीथच्या लग्नात त्याने स्वतः फाटकात उभं राहून ताट वाजवलं होतं.

आता कीथच्या मुलीचं, व्हॅलेन्सियाचं लग्न होतं. रविवारी चर्चमध्ये मिसा, शनिवारी दुपारी परक्यांचं जेवण. घरातली गेलेली माणसं सहा. पण या वेळी रोझारिओ म्हणाला, सात ताटं मांडा.

त्याच्या बायकोला, फ्लेवियाला, सातवं कुणाचं ते न विचारताच कळलं. तिने फक्त विचारलं की त्याचं नाव ठाऊक नाही, तर चिठ्ठीवर लिहायचं काय.

"बेचाळीस लिही," रोझारिओ म्हणाला.

ते असं झालं होतं. २०२१च्या एप्रिलात रोझारिओला श्वास पुरेनासा झाला. कुठे खाट मिळेना. शेवटी कीथने त्याला एका मैदानावर उभारलेल्या पत्र्याच्या दवाखान्यात पोचवलं. घरच्यांना बाहेरच थांबवलं, आणि आत रोझारिओ एकटा. लांबच लांब मांडव, वर पांढऱ्या नळ्यांचे दिवे, ब्लीचिंग पावडरीचा वास, आणि ऐंशी माणसांचा घरघरणारा श्वास. त्याला मिळाली होती एकेचाळीस नंबरची खाट, पार कोपऱ्यात, पडद्याच्या आड. नर्सबाईंच्या टेबलावरून ती दिसतसुद्धा नव्हती.

शेजारी बेचाळीस. तिच्यावर एक माणूस बसला होता. तोंडाला मास्क, कपाळापर्यंत ओढलेली प्लास्टिकची टोपी. त्याने रोझारिओकडे बघितलं. मग तो उठला, त्याने रोझारिओचा दंड धरला, त्याला टेबलासमोरच्या आपल्या खाटेवर निजवलं आणि स्वतः पडद्याआड एकेचाळीसवर जाऊन पडला. रोझारिओच्या लक्षात राहिला तो फक्त त्याचा हात. बोटात घोड्याच्या नालाची जाड अंगठी आणि अंगठ्याचं अर्धं पेर तुटलेलं. हाताला निलगिरीच्या तेलाचा वास.

त्यानंतरचे दिवस रोझारिओला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. शुद्ध जायची, यायची. छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. आणि तेवढ्यात खाटेच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजायची. टण्... टण्... टण्... बापाच्या ताटासारखीच. मग तो हात मानेखाली यायचा, त्याला पालथं करायचा, म्हणजे श्वास जरा मोकळा व्हायचा. चमच्याने पाणी पाजायचा. निलगिरीचा वास यायचा. आठ दिवस हे असं चाललं.

नवव्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं. सकाळी सलाईन बदलायला जयंती सिस्टर आली. मुलुंडची मुलगी, डोळ्यांखाली काळं झालेलं, तरी थट्टा करायची. रोझारिओने तिला विचारलं की एकेचाळीसवरचे दादा कुठे आहेत, त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

जयंतीने हातातली बाटली खाली ठेवली. "काका... ते तर पहिल्याच पहाटे गेले."

मग तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. माणूस अनोळखी, रस्त्यावरून आणलेला. कागदावर नाव नाही, फक्त खाटेचा नंबर बेचाळीस. आणि एकेचाळीसवर कागद रोझारिओचा. खाटा बदलल्याचं कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्या पहाटे रोझारिओच्याच घरी फोन गेला. चार तासांनी चूक कळली, तोवर फ्लेविया विधवा होऊन बसली होती.

"मग मला रोज पालथं कोण करत होतं?"

"आम्हाला वाटायचं, तुम्ही स्वतःच होता," जयंती म्हणाली. "आम्ही तिघी आणि ऐंशी पेशंट. आमच्यापैकी कुणी नाही, काका."

एकेचाळीसची ऑक्सिजनची नळी बिघडली होती, म्हणून तिच्यावर त्या दिवसापासून कुणी नव्हतं. गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली होती.

रोझारिओ बरा होऊन घरी आला. जिवावरचं ते दुखणं आपलं होतं आणि कुणीतरी ते आपल्या अंगावर घेतलं, एवढं त्याला समजलं. बाकीचं त्याने उकलायचा प्रयत्न केला नाही. दरवर्षी मेलेल्यांच्या सणाला कबरस्तानात तो एक मेणबत्ती जास्तीची लावायचा, कुणाच्याच नसलेल्या जागी.

शनिवार उजाडला. अंगणात मांडव, मांडवाच्या वर मेट्रोचा पूल, दर चार मिनिटांनी घडघडत जाणारा आवाज. चुलीवर भाताचं मोठं पातेलं, डाळ, दुधीची भाजी, टोपलीभर गरम फुगे, मैद्याचे तळलेले गोल पाव. बायका पीठ मळता मळता लग्नाची गाणी म्हणत होत्या आणि व्हॅलेन्सिया हातात फोन घेऊन सगळ्यांना चिडवत फिरत होती. परकी माणसं रोझारिओने स्वतः बोलावली होती, मेट्रोच्या जिन्याखाली गजरे विकणारी बाई, भंगारवाला, शेजारच्या सोसायटीचा नवा वॉचमन, अशी सात.

बाराच्या सुमाराला कीथने ताटं मांडली, चिठ्ठ्या ठेवल्या, भात वाढला. रोझारिओ फाटकात गेला. त्याने बापाचं पितळी ताट वाजवलं. माणसं आली, बसली. वॉचमन तेवढा आला नाही, त्याची ड्युटी वाढली होती. म्हणजे सहा बसली, एक ताट रिकामं राहायला हवं होतं.

दोन रिकामी होती.

रोझारिओने पुन्हा मोजलं. आठ. त्याने कीथला जवळ बोलावलं. कीथ म्हणाला की त्याने मम्मीच्या यादीवरूनच चिठ्ठ्या लिहिल्या. यादी म्हणजे मारियेच्या तसबिरीमागचा पुठ्ठा, त्यावर पिढ्यान् पिढ्या गेलेल्यांची नावं पेन्सिलीने लिहिलेली असायची.

रोझारिओ वाकला. पहिल्या रिकाम्या ताटाखाली चिठ्ठी होती, बेचाळीस. दुसऱ्याखालची त्याने अर्धवट ओढून बघितली आणि तशीच परत सरकवली. तिच्यावर रोझारिओ लिहिलं होतं.

"पणजोबांचं नाव पण रोझारिओच होतं ना, डॅडी," कीथ म्हणाला. "मला वाटलं त्यांचंच."

पणजोबांचं ताट लिंबाच्या झाडाखाली होतं, त्यावर भंगारवाला बसला होता. हे दुसरं.

फ्लेविया चुलीपासून उठून आली. चिठ्ठी बघायची तिला गरजच पडली नाही. त्या पहाटे फोन आल्यावर तिने तसबीर उतरवली होती, आणि रडत रडत पुठ्ठ्यावर नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. नंतर बोटाने पुसलं. नीट पुसलं गेलं नव्हतं. चार वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझ्या हाताने झालं," ती म्हणाली. "वाढलेलं आहे... आता उचलता येत नाही... उद्या पोरीचं लग्न..."

रोझारिओने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "भात आहे तो, फ्लेविया. विंचू नाही. कुणीतरी येईल, जेवेल."

त्याचा आवाज नेहमीसारखाच संथ होता. पण छातीवर हळूहळू काहीतरी बसत होतं. ओळखीचं वजन. पोतं ठेवल्यासारखं. त्याने मांडवाचा खांब धरला. गाणी थांबली होती. पुलावरून मेट्रो गेली, तिचा आवाज मात्र कुणाला आला नाही. किंवा रोझारिओला तरी आला नाही. त्याला फक्त स्वतःची घरघर ऐकू येत होती. व्हॅलेन्सियाने फोन खाली ठेवला आणि आजोबाकडे बघत राहिली.

"आजा... बसतोस का जरा?"

तेवढ्यात फाटकाच्या लोखंडावर वाजलं.

टण्... टण्... टण्...

एक माणूस आत आला. पन्नाशीचा असेल. धुतलेला साधा सदरा, पायात चप्पल नाही. त्याने कुणाला काही विचारलं नाही. माठाजवळ जाऊन हातपाय धुतले आणि पंगतीकडे चालत आला. रोझारिओच्या समोरून गेला तेव्हा निलगिरीचा वास आला. एवढ्या फोडणीच्या, तळणीच्या घमघमाटातही स्वच्छ आला.

कीथने बायकोला हळूच विचारलं की हा कुणी बोलावला. म्हणजे तो सगळ्यांनाच दिसत होता.

माणूस बेचाळीस नंबरच्या ताटाशी आला. क्षणभर थांबला. रोझारिओला वाटलं, बसेल. ते त्याचंच होतं, त्याच्यासाठीच मांडलं होतं. पण त्याने ताटाला फक्त अर्ध्या अंगठ्याने नमस्कार केल्यासारखा स्पर्श केला, ओलांडून पुढे गेला, आणि दुसऱ्या ताटावर मांडी घालून बसला. रोझारिओच्या ताटावर.

तो जेवू लागला. सावकाश, एकेक घास चावून. घास जसजसे कमी होत गेले तसतसं रोझारिओच्या छातीवरचं वजन उतरत गेलं. त्याला पोटभर श्वास आला. मग त्याला लाज वाटली. पुन्हा हा माणूस आपल्या जागेवर बसलाय, आणि आपण पुन्हा नुसते बघतोय.

रोझारिओ रिकाम्या ताटाकडे निघाला तशी फ्लेवियाने त्याची बाही धरली. "घरच्याने बसू नये, रोझारिओ. तुला ठाऊक आहे."

"त्याचं ताट तसंच राहील गं," तो म्हणाला. "ते बरं दिसेल का?"

त्याने बाही हळूच सोडवून घेतली आणि तो बेचाळीसवर बसला. त्या माणसाच्या अगदी समोर. सगळ्यांच्या ताटांतून वाफा निघत होत्या. त्याच पातेल्यातला, त्याच डावाने वाढलेला भात, पण या ताटातला भात गार होता. नुसता गार नव्हे, रात्रभर उघड्यावर राहिल्यासारखा. रोझारिओने तो खाल्ला. एक शीत टाकलं नाही. खाताना त्याने एकदाच मान वर केली. तो माणूस त्याच्याकडेच बघत होता, आजारी माणूस नीट जेवतोय ना हे बघावं तसा.

दोघांची ताटं बरोबरच संपली.

माणूस पाणी प्यायला. त्याने ताटाच्या काठावर अंगठी तीनदा वाजवली. मग ताट जरासं उचललं आणि खालची चिठ्ठी बाहेर काढली. वाचली नाही. चार घड्या घातल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिसा वरून तळहाताने थोपटला.

रोझारिओ धडपडून उठला. रीत मोडून त्याने विचारलं, "नाव तरी सांगा... आणि ती चिठ्ठी... ती कुठे नेताय?"

माणूस फाटकापाशी थांबला. वळून त्याने एकदा मांडवातल्या व्हॅलेन्सियाकडे बघितलं, एकदा रोझारिओकडे. मग खिशावर हात तसाच ठेवून तो गल्लीत उतरला आणि रोझारिओच्या नावाची हाक घेऊन क्रुसाच्या बाजूने चालत निघून गेला.